गाडीच पेट्रोल घेऊन नाही राहिली!

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्यांच्याकडे नऊ वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली पेट्रोल हॅचबॅक आहे. गेले अडीच महिने पंपावर गेलं की पहिले तीन-चार लिटर नीट जातात आणि मग दर अर्ध्या लिटरला नोझल ‘टक्क’ करून बंद पडतं. मागे रांग, हॉर्न. पंपावरचा मुलगा वैतागून म्हणतो, “गाडीच पेट्रोल घेऊन नाही राहिली ताई, गॅरेजला दाखवा.” घरचे म्हणतात, पंपवाले मुद्दाम तोडून-तोडून टाकतात आणि दर वेळी थोडं मारतात. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, “टाकीच बदला लागते.” दुसरा म्हणाला, तोंडातली झडप पक्कडने काढून टाकतो, काम खलास. ताईंनी आता तीनशे-पाचशेचंच पेट्रोल टाकायचं धोरण ठेवलंय, त्यामुळे काटा कायम रिझर्व्हजवळ असतो. डिसेंबरच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन समृद्धीने शिर्डीला जायचंय. टाकी बदलावी की गाडीच विकावी, असं त्यांनी विचारलंय. ताजा कलम: पोळ्याच्या आठवड्यात एका ऑटोने मागून डाव्या बाजूला ठोकलं होतं, त्याचं डेंटिंग-पेंटिंग झालं, गाडी आता छान दिसते.

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ताजा कलमात आहे. अडीच महिन्यांपूर्वी काय बदललं, याचं उत्तर तिथेच आहे आणि दोन्ही गॅरेजवाल्यांनी नेमका तोच प्रश्न विचारलेला दिसत नाही. तुमच्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाची बाजूही डावीच असेल, तर टाकीचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

आधी ते नोझल काय करतं, ते बघू. ‘टक्क’ होणं हा त्याचा बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे. नोझलच्या नळीच्या टोकाशी, काडीपेटीच्या गुलाएवढं एक भोक असतं. पुढच्या वेळी मुलाने नोझल हातात घेतलं की बघा, सहज दिसेल. तिथून एक बारीक नळी आतून मुठीपर्यंत जाते. पेट्रोल जोरात वाहत असताना मुठीत ओढ तयार होते आणि त्या भोकातून हवा आत खेचली जाते. पेट्रोल वर चढून भोकाला लागलं की हवा बंद होते, ओढ एकदम वाढते, आतला रबरी पडदा खेचला जातो आणि ट्रिगरचा खटका सुटतो. यात वायर नाही, सेन्सर नाही. टाकी भरली की नाही, हे नोझलला कळतच नाही. त्याला एवढंच कळतं की पेट्रोल माझ्या टोकापर्यंत आलं.

मग टाकी रिकामी असताना पेट्रोल टोकापर्यंत का येतं? कारण ते खाली उतरत नाही, गळ्यात तुंबतं. आणि तुंबतं ते बहुतेक वेळा खालून हवा बाहेर येत नाही म्हणून.

तेलाचा पंधरा किलोचा डबा आठवा. एकच भोक पाडून ओतलं तर भक्-भक् करत, अडखळत, अर्धं ओट्यावर सांडत येतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. टाकीचंही तसंच, फक्त उलट्या दिशेने. तीस लिटर पेट्रोल आत जायचं तर तीस लिटर हवा आणि वाफ बाहेर पडायलाच हवी, तीही त्याच मिनिटाभरात, कारण पंपाचं मशीन मिनिटाला साधारण तीस ते चाळीस लिटर सोडतं. हवेच्या या वाटेसाठी झाकणापासून टाकीपर्यंत जाणाऱ्या जाड होजच्या शेजारून एक बारीक नळी असते. जाड होज अंगठा आणि तर्जनी जोडून होणाऱ्या कड्याएवढा, बारीक नळी बोटाएवढी. मेकॅनिक तिला ब्रीदर पाइप म्हणतात. तुमच्या डब्याचं दुसरं भोक म्हणजे ती.

घरच्यांची शंका मी उडवून लावणार नाही, पण तिचा पाया कच्चा आहे. मीटर मशीनमध्ये आहे, नोझलमध्ये नाही. खटका पडला की प्रवाह थांबतो आणि प्रवाहाबरोबर मीटरही. पंपाचा होज एरवीही पेट्रोलने भरलेलाच असतो, त्यामुळे दहा वेळा थांबवून कुणाच्या पदरात काही पडत नाही. उलट त्या मुलाचा वेळच जातो. तरी मन मानत नसेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. त्यासाठी भांडायची गरज नाही.

घरच्यांचं म्हणणं एका बाबतीत मात्र तपासण्यासारखं आहे: एखाद्या पंपाचं एखादं नोझल खरोखरच तुनकमिजाज असू शकतं. भोकात कचरा असेल तर ते भरल्या-रिकाम्या कुठल्याही गाडीत टकटक करतं. म्हणून पहिली चाचणी अशी. काटा पाव टाकीच्या आसपास असताना, सकाळी सातच्या सुमारास, गर्दी नसताना दोन वेगवेगळ्या पंपांवर जा. दोन्हीकडे पाच-पाच लिटर टाका. टक्क होईपर्यंत पूर्ण ट्रिगर दाबून, उरलेले अगदी हळू. “भाऊ, स्लो टाका, गाडीत हवा अडकते” एवढं सांगितलं की मुलं ऐकतात. कारण कळलं की वैताग निम्मा होतो. कितव्या लिटरला टक्क झालं, ते मोबाइलवर लिहून ठेवा. तुमच्या गाडीत पहिले तीन-चार लिटर जातात, म्हणून दुसऱ्या पंपावर पहिल्यानंतर लगेच जा, तास-दोन तासांनी नाही.

एकाच पंपावर त्रास असेल, तर गाडीचा दोष नाही. दोन्हीकडे जोरात टाकताना टक्क होतं पण हळू टाकताना नाही, याचा अर्थ वाट अर्धवट बंद आहे. हळू टाकूनही पहिल्याच लिटरला बंद पडत असेल, तर अडथळा अगदी वर, गळ्यातच आहे किंवा वाट पूर्ण बंद आहे. आणि टाकी पाऊण भरेपर्यंत काहीच होत नसेल आणि तिथून पुढे टकटक सुरू होत असेल, तर टाकीच्या वरच्या भागातली तरंगती झडप अडकत असेल, नाहीतर गाडी उताराला उभी असेल. हळू टाकतानाही नोझल पूर्ण आत खुपसलं की टक्क होतं आणि दोन-तीन सेंटिमीटर मागे ओढून, थोडं कलतं धरलं की जातं, अशाही काही गाड्या असतात. त्यांच्या गळ्याला सुरुवातीलाच वळण असतं; तो आजार नाही, स्वभाव आहे.

तुमचं लक्षण यात नेमकं कुठे बसतं? सुरुवातीचे तीन-चार लिटर नीट आणि मग दर अर्ध्या लिटरला बंद. हे एका विशिष्ट दोषाशी चांगलं जुळतं आणि डेंटिंगच्या कामानंतर तो हमखास दिसतो. ब्रीदर पाइप टाकीपासून झाकणापर्यंत सलग चढता हवा, म्हणजे त्यात उडालेलं पेट्रोल आपोआप टाकीत परत ओघळतं. पत्रा ठोकायला तो पाइप क्लिपमधून सोडवतात आणि काम झाल्यावर क्लिप लावायची राहून जाते. पाइप मध्येच झोळीसारखा लोंबतो. भरताना थोडं पेट्रोल त्या झोळीत साचतं आणि बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी बसतं तसं बसून राहतं. हवेला वाट बंद! गाडी चालली, हलली की ते हळूहळू निघून जातं, म्हणून पुढच्या खेपेला पहिले काही लिटर पुन्हा नीट जातात. दुसरी शक्यता अशी की पाइप नव्या पत्र्यामागे चेपला असेल किंवा फिलर नेक, म्हणजे वरचा धातूचा गळा, बोटभर सरकून बसला असेल आणि जाड होजला मोड पडली असेल. तिन्ही दोष बाहेरून दिसत नाहीत आणि तिन्ही टाकी न उतरवता दुरुस्त होतात.

इथे एक सावधगिरी. मोबाइलवर या विषयाचे व्हिडिओ बघाल तर बहुतेक अमेरिकन गाड्यांचे असतील आणि सगळे एकसुरात सांगतील की कोळशाचा कॅनिस्टर, म्हणजे पेट्रोलची वाफ शोषणारा डबा, आणि त्याचा व्हॉल्व्ह बदला. त्यांच्याकडे पेट्रोल भरताना निघणारी सगळी वाफ गाडीतल्याच कॅनिस्टरमध्ये शोषण्याची सक्ती आहे, म्हणून तो तुंबला की पेट्रोल जात नाही. आपल्याकडे बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांमध्येही ती सक्ती नाही आणि तुमची गाडी तर त्याआधीची आहे. आपल्या बहुतेक गाड्यांत भरतानाची हवा ब्रीदरमधून झाकणाकडेच परत येते. कॅनिस्टर उभ्या गाडीतली वाफ सांभाळतो. म्हणजे तो निर्दोष असतो असं नाही. झाकण उघडताना थोडा ‘फुस्स’ आवाज येणं, विशेषतः आपल्या मे महिन्यात, अगदी साधं आहे. पण दर वेळी झाकण आत ओढल्यासारखं घट्ट बसलेलं असेल आणि हवा जोरात आत शिरत असेल, तर कॅनिस्टरची बाहेरच्या हवेची नळी बंद आहे. तिचं तोंड बहुतेक वेळा गाडीखाली, मागच्या चाकाच्या आसपास असतं. आपल्याकडे तिथे दोन गोष्टी घुसतात, पावसाळ्यात काळी माती आणि एरवी कुंभारमाशी. पेनाएवढं भोक दिसलं की ही माशी त्यात चिखलाचं घर बांधते आणि ते वाळून विटेसारखं होतं.

घरी तुम्ही स्वतः काय बघू शकता? सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी मोकळ्यावर उभी करून झाकण उघडा आणि एलईडी टॉर्चने आत बघा. लाइटर, उदबत्ती, देवघरातला दिवा, काही जवळ नको. तोंडाशी एक स्प्रिंगची झडप दिसेल. स्वच्छ लाकडी पट्टीने ती दाबा आणि सोडा. लगेच परत यायला हवी. गळ्याच्या वरच्या अंगाला एक छोटं भोक किंवा बारीक नळीचं तोंड दिसतं, तिथे माती, रंगाचा थर किंवा मास्किंग टेपचा तुकडा नाही ना, ते पाहा. हो, टेप. पेंटिंगच्या वेळी चिकटवतात आणि विसरतात. तोंडाने फुंकून बघायचं नाही; पेट्रोलची वाफ छातीत जाते आणि कळत काहीच नाही.

पुढचं काम गॅरेजचं, आणि ते ज्याने डेंटिंग केलं त्याच्याकडेच आधी न्या. आरोप करत जाऊ नका. “तुमच्याकडून काम झाल्यापासून पेट्रोल जात नाही, चाकाच्या आतलं लायनर काढून ब्रीदर पाइप दाखवा,” एवढंच म्हणा. चांगला कारागीर हे फुकट करून देतो. लायनर म्हणजे चाकावरची काळी प्लॅस्टिकची कमान. मागचं डावं चाक काढलं आणि आठ-दहा क्लिपा-स्क्रू सोडवले की ती निघते आणि दोन्ही पाइप समोर दिसतात. टाकीत पेट्रोल पाव असावं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी आणि शेजारी वेल्डिंग चालू नसावं. हे शेवटचं आपण सांगावं लागतं.

आता बघायचं काय, तर आधी झोळी आणि मोड, नजरेनेच. मग ब्रीदर दोन्ही टोकांनी सोडवून पूर्ण बाहेर काढायचा, बोटांनी इंच-इंच दाबत जायचं. एखादी जागा मऊ किंवा चिकट लागली तर रबर गेलेलं आहे. मग जाड होज काढून त्यात टॉर्च मारायचा. नऊ वर्षांच्या गाडीत हे विसरू नका, कारण होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतला थर सुटून फोडासारखा फुगलेला असतो. पेट्रोल येताच तो फोड उघडझाप करणाऱ्या पडद्यासारखा वाट अडवतो. आज पंपावर मिळणारं ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, डोळ्यांपुढे ठेवून तुमच्या गाडीचं रबर बनलेलं नाही, म्हणून हा संशय थोडा जास्तच घ्यावा. सुट्या पाइपात कॉम्प्रेसरची हवा मारायला हरकत नाही. टाकीच्या दिशेने मात्र कॉम्प्रेसर कधीच नाही. टायर भरायच्या दाबाची हवा टाकीच्या नाजूक झडपांमध्ये शिरली की मग खरोखरच टाकी उतरवायची वेळ येते.

होज बदलावा लागला तर चेसिस नंबर दाखवून त्या मॉडेलचाच मागवा. नागपुरातल्या घाट रोडच्या दुकानांत फिरून “साइज जुळते” म्हणून रेडिएटरचा होज लावणारे कमी नाहीत. तो पाण्यासाठी असतो. पेट्रोलने महिन्या-दोन महिन्यांत फुगतो आणि त्याचा चुरा टाकीत जातो. क्लिपा नव्या घ्या, जुन्या पिळून लावू नका.

हे सगळं नीट निघालं तरच टाकीकडे वळायचं. टाकीच्या तोंडाशी पेट्रोल उलटं येऊ नये म्हणून एक झडप असते आणि वर ती तरंगती झडप. त्यापैकी एखादी अडकली असेल तर टाकी उतरवावी लागते, पण उतरवणं आणि बदलणं यात हजारोंचा फरक आहे. “टाकीच बदला लागते” असं म्हणणाऱ्याला विचारा, टाकीचा कोणता भाग खराब आहे? दाखवा. आणि काम केलंत तर जुना भाग मला परत हवा. तरीही त्याच्याकडे उत्तर असेल, तर ऐकायला हरकत नाही.

झडप पक्कडने काढायचा सल्ला मात्र सोडून द्या. ती झडप हवा अडवत नाही, ती झाकणाकडे येणारी वाफ आणि पेट्रोल अडवते. ती काढल्यावरही ब्रीदर लोंबतच राहणार, टक्क होतच राहणार. वर उन्हात झाकणापाशी पेट्रोलचा वास आणि उद्या गाडी कलंडली तर तेवढा एक अडसर कमी.

गाडी विकण्याचा विचार त्रासाला कंटाळून येतो, समजू शकतं. पण एका पाइपासाठी चालती गाडी काढणं मला पटत नाही. घेणारा पहिल्याच पंपावर तुम्हाला फोन करेल, ते वेगळंच.

तीनशे-पाचशेचं धोरणही थांबवा. पाचशेत पाच लिटरसुद्धा येत नाही. टाकीच्या आत जो विजेचा फ्युएल पंप असतो, तो भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. काटा कायम रिझर्व्हवर असेल तर तो तापत राहतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. म्हणजे पाइपाचा त्रास टाळता टाळता तुम्ही पंपाचा खर्च ओढवून घ्याल. दुरुस्ती होईपर्यंत सकाळच्या वेळी, हळू, अर्धी टाकी भरत जा. सकाळी पेट्रोल जास्त मिळतं म्हणून नव्हे. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतल्या तापमानात दिवसभरात फारसा फरक पडत नाही. पण तुमच्या गाडीची टाकी थंड असते, वाफ कमी होते आणि रांगही नसते.

शिर्डीला नागपूरहून समृद्धीने साधारण ५२० किलोमीटर. तुमची टाकी ३५ लिटरची धरली आणि गाडी हायवेला १७-१८ देत असली तरी एका टाकीत कसंबसं पोचाल, आणि समृद्धीवर पंप विरळ आहेत. म्हणून निघण्याच्या किमान आठवडाभर आधी हे काम उरका. आणि टाकी फुल करताना पहिला खरा टक्क झाला की थांबायचं. ‘राउंड करून टाक’ म्हणत गळ्यापर्यंत भरलं तर पातळ पेट्रोल कॅनिस्टरच्या कोळशात शिरतं, कोळसा भिजतो आणि तो नंतर नीट काम देत नाही. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर ते याचं लक्षण असू शकतं.

ज्यांच्याकडे डिझेल गाडी आहे त्यांनी टक्क ऐकून घाबरू नये. डिझेलला फेस येतो आणि फेस भोकाला लागला तरी खटका पडतो. हळू भरा, फेस बसू द्या. बाहेरून गॅस किट बसवलं असेल, तर गॅसचं तोंड त्याच झाकणात कोंबताना ब्रीदर दाबला गेलाय का, एवढं बघा.

काम झालं की गॅरेजमधून सरळ घरी जाऊ नका. मेकॅनिकला सोबत घेऊन पंपावर जा, पूर्ण ट्रिगरवर दहा लिटर टाकायला सांगा. एकदाही टक्क व्हायला नको. मग गाडी दहा मिनिटं बाजूला उभी करून मागच्या चाकाजवळ खाली वाकून पाहा, क्लिपेपाशी ओल नाही ना. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं दार उघडल्या उघडल्या वास घ्या. पेट्रोलचा जरासाही वास आला तर त्याच दिवशी परत जा, आणि तोवर ती गाडी बंद पार्किंगमध्ये ठेवू नका.